सिडकोतल्या रो हाऊसवर मजला चढवावा की पाथर्डी फाट्याला फ्लॅट घ्यावा?

अबोली

नमस्कार मंडळी. घर वाढवायचं की बदलायचं, यावर आमच्याकडे दिवाळीपासून बोलणं चाललंय आणि रोज ते तिथेच येऊन अडतं. यातून गेलेलं कुणी असेल तर सविस्तर सांगा.

आम्ही नवीन नाशिकला राहतो, म्हणजे सगळं गाव ज्याला नुसतं सिडको म्हणतं तिथे. तिसरी स्कीम, रो हाऊस, प्लॉट साधारण ५० चौरस मीटर. पुढची खोली, स्वयंपाकघर, मागे एक लहान खोली आणि मागच्या अंगणात संडास-मोरी. सासरे अंबडला कारखान्यात होते, त्यांना हे घर सिडकोकडून, म्हणजे ही वसाहत वसवणाऱ्या सरकारी महामंडळाकडून मिळालं. ते आता नाहीत. घरात सासूबाई, आम्ही दोघं, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. सासूबाई पुढच्या खोलीत झोपतात. त्यांचे गुडघे गेलेत, रात्री दोनदा तरी मागच्या अंगणात जावं लागतं. त्या उठल्या की स्वयंपाकघरात अभ्यास करत बसलेली मुलगी पाट-पुस्तकं सरकवून त्यांना वाट करून देते.

पहिला पर्याय, वर मजला चढवणं. आमच्या गल्लीत बहुतेकांनी चढवलाय. ठेकेदार १,९०० रुपये चौरस फूट म्हणतोय. दोन खोल्या, बाथरूम, बाहेरून जिना, सगळं धरून ११-१२ लाख.

दुसरा, पाथर्डी फाट्याजवळ टू बीएचके. ४६ लाख सांगतात, बांधकाम चालू आहे, ताबा दीड वर्षाने. आमचं घर विकलं तर एजंटच्या मते ३०-३१ लाख येतील.

नवऱ्याला इथेच राहायचंय, मला फ्लॅट हवाय. सासूबाई काहीच बोलत नाहीत. तुम्ही काय केलं असतं?

गोदाकाठ

ताई, सिडको सोडू नका. त्रिमूर्ती चौकातला भाजीबाजार, मुलांच्या शाळा, दवाखाने सगळं पायाखाली. माझं बालपण पवननगरला गेलं. वडिलांना अर्ध्या रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा रिक्षा शोधायला शेजारचे धावले, त्यांना उचलून न्यायलाही शेजारचेच. स्वतःची जमीन, स्वतःची गच्ची, मेंटेनन्स नाही. १२ लाखांत काम होत असेल तर डोळे झाकून करा.

मुरूम

डोळे झाकून नको, ही कळकळीची विनंती. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि जुन्या घरांवरच्या मजल्यांची तपासणी हे माझं रोजचं काम आहे.

ठेकेदाराने दर सांगितला, पण खालच्या घराबद्दल एक तरी प्रश्न विचारला का? घर कॉलमवर उभं आहे की भिंतींवर? पाया किती खोल आहे, कशात बसलाय? स्लॅबच्या सळया कोणत्या अवस्थेत आहेत? हे न बघता सांगितलेला दर म्हणजे फक्त विटा-सिमेंटचा दर.

आता वजनाचं गणित सांगतो, ते घरी सगळ्यांना वाचून दाखवा. पाच इंची स्लॅब घेतला तर ४० चौरस मीटरला नुसतं काँक्रीटच साडेबारा टन. नऊ इंची विटेची १० फूट उंच भिंत, दर मीटर लांबीला प्लास्टरसकट जवळपास १.४ टन. त्यात माणसं, कपाटं, पाण्याची टाकी. हे सगळं खालच्या भिंतींवरून पायात आणि पायातून जमिनीत जाणार. गच्चीवर जुना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गळती रोखायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर असेल तर तो आधी उखडावा लागतो. चार इंची कोबा तेवढ्याच गच्चीवर सात टनांच्या आसपास भरतो. बरेच ठेकेदार उखडण्याची मजुरी वाचवायला त्याच्यावरच फरशी टाकतात.

दुसरी गोष्ट भूकंपाची. भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात नाशिक तिसऱ्या झोनमध्ये आहे. भिंतींवर उभ्या घराला आडवे काँक्रीटचे पट्टे नसतील तर उभं वजन पेललं तरी आडव्या हादऱ्याला ते कमकुवत राहतं. 'गल्लीत सगळ्यांनी चढवलंय, काही झालं नाही' हे मी प्रत्येक घरी ऐकतो. शेजारचं घर उभं आहे त्यावरून तुमच्या पायाबद्दल काहीही कळत नाही.

काय करायचं ते सांगतो. घराच्या कोपऱ्यात भिंतीला लागून तीन बाय तीन फुटांचा खड्डा घ्या आणि पाया संपेपर्यंत खाली जा. खाली काळी माती लागते की मुरूम, पायाची रुंदी किती, दगडी काम सुटलंय का, हे डोळ्यांनी दिसतं. स्लॅबला रिबाउंड हॅमरची, म्हणजे काँक्रीटच्या मजबुतीचा अंदाज देणाऱ्या हातोड्याची चाचणी करून घ्या. स्लॅबचं खालचं प्लास्टर एका जागी काढून सळई उघडी करा. गंज पापुद्र्यांसारखा सुटत असेल तर त्या स्लॅबवर मजल्याचा विचार सोडा. या सगळ्याचा खर्च मजल्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

आणि शेजाऱ्यांच्या बाजूची भिंत सामाईक आहे का, ते नक्की बघा.

अबोली

मुरूम, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. कॉलम दिसत नाहीत, भिंती नऊ इंची आहेत. दोन्हीकडच्या भिंती सामाईक. डावीकडच्यांनी वर मजला बांधलाय, उजवीकडचे अजून खालीच आहेत. पुढच्या खोलीत पंख्याच्या हुकाजवळ पावसाळ्यात ओल धरते आणि दरवर्षी रंगाचे पोपडे पडतात.

वहिवाट

त्या पंख्याच्या हुकाआधी मला दुसरं काही विचारायचंय. घर कुणाच्या नावावर आहे?

सासरे गेले म्हणालात. त्यांच्या पश्चात सिडकोच्या दप्तरी वारसांची नोंद झाली का? मृत्युपत्र होतं का? नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे आणि मुली सगळे समान वारस. तुम्हाला नणंदा असतील तर त्यांचा हिस्सा तुमच्या नवऱ्याइतकाच आहे, लग्न होऊन कितीही वर्षं झालेली असोत. घर विकायचं असेल तर त्यांच्या सह्या लागतील. वर बांधायचं असेल तर तुमचे १२ लाख अशा घरात जातील ज्याचा काही हिस्सा कायद्याने तुमचा नाही. नातं कितीही गोड असलं तरी हे आजच सगळ्यांसमोर बोलून घ्या.

गोदाकाठ 'स्वतःची जमीन' म्हणाले. सिडकोची जमीन मुळात भाडेपट्ट्याने दिलेली असते. भाडेपट्टा कायम असेल तर हस्तांतरण असो की वाढीव बांधकाम, सिडकोची ना हरकत लागते आणि तिचं शुल्क असतं. भाडेपट्ट्याच्या करारात किती बांधकामाला मुभा दिलीय ते शब्दन् शब्द वाचा. त्यानंतर महापालिकेची परवानगी. मुंबई आणि काही अपवाद सोडले तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. त्यात ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला मूळ चटई निर्देशांक (एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) १.१ आहे. तुमच्या ५० मीटरला ५५ चौरस मीटर. त्यावर अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क भरून पूरक क्षेत्र मिळतं, ते सामासिक अंतरं, म्हणजे प्लॉटच्या कडेने मोकळी ठेवायची जागा सोडून किती बसतं हे आर्किटेक्ट काढून देईल.

परवानगीशिवाय बांधलं तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस येऊ शकते आणि घरपट्टीत शास्ती लागू शकते. बँक वाढीव बांधकामाला कर्ज देताना मंजूर नकाशा मागते. उद्या विकताना खरेदीदाराची बँकही तोच मागेल. गल्लीतल्या किती जणांकडे वरच्या मजल्याचा मंजूर नकाशा आहे, तेवढं विचारून बघा.

शेवंता

मी बांधकाम चालू असताना त्याच घरात राहिलेय, संभाजीनगरच्या सिडकोत. ठेकेदार म्हणाला होता, खाली राहा, काही त्रास नाही. वरचा स्लॅब पडेपर्यंत आमच्या पुढच्या खोलीत टेकू उभे होते, कारण सेंटरिंगचं, म्हणजे नव्या स्लॅबखालच्या साच्याचं वजन जुन्या स्लॅबवर येतं. टेकूंमधून वाट काढत सासऱ्यांना जेवायला न्यायचे. गच्चीची कड फोडली त्या आठवड्यात वळवाचा पाऊस आला आणि गाद्या भिजल्या. धुळीने मुलाला दम्याचा त्रास सुरू झाला. ठेकेदाराने पैसे उचलून मध्येच दुसरीकडे माणसं नेली, आम्ही अर्ध्या भिंतींखाली राहत होतो.

अबोली, तुमच्या मुलीची दहावी आहे. परीक्षा होईपर्यंत घराला हातोडा लागू देऊ नका. आणि काम करायचंच असेल तर भाड्याने दुसरीकडे राहून करा, ते भाडं पहिल्या दिवसापासून खर्चात धरा.

आणखी एक. जिना बाहेरून काढला तर पुढचं अंगण जातं. जिना करून झाल्यावर सासूबाई कुठे राहणार? खालीच. मग त्यांची अडचण कशी सुटली? संडास तर मागेच राहिला. वरच्या दोन खोल्या तुमच्या आणि मुलांच्या होतील, त्यांना रात्री दोनदा अंगणात जावंच लागेल. तुमची पहिली पोस्ट वाचल्यापासून मला हेच टोचतंय.

हिशेबवही

मी गृहकर्जाच्या कामात आहे. आकडे मांडतो, कारण ४६ विरुद्ध १२ ही तुलनाच चुकीची आहे.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला जीएसटी ५ टक्के. पण महानगरांबाहेर कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र, ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर फक्त १ टक्का. तुमचा फ्लॅट ४६ ला आहे. ४५ ची रेघ एका लाखाने ओलांडल्यामुळे ४६ हजारांऐवजी २ लाख ३० हजार जीएसटी भरावा लागेल. बिल्डरशी बोलून करारातली एकूण किंमत, पार्किंग आणि इतर आकारांसकट, ४५ च्या आत बसते का बघा. वरचे पैसे रोख मागितले तर मात्र तिथून उठा.

मुद्रांक शुल्क नाशिक शहरात ६ टक्के, घर बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत. म्हणजे २ लाख ३० हजार. नोंदणी फी ३० हजार. बेरीज ५० लाख ९० हजार, फर्निचर आणि सोसायटीची ठेव वेगळी.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के मिळतात, आणि मुद्रांक-नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. ४६ चे ८० टक्के म्हणजे ३६ लाख ८० हजार. उरलेले १४ लाख खिशातून. साडेआठ टक्के दराने २० वर्षांचा हप्ता सुमारे ३२ हजार.

तुम्ही म्हणाल, जुनं घर विकून ३१ येतील, मग कर्ज २० चंच. बरोबर, पण ताबा दीड वर्षाने आहे. आज घर विकलं तर तोवर भाड्याने राहायचं, ताब्यानंतर विकलं तर मधल्या काळात मोठं कर्ज पेलायचं. शिवाय वहिवाट म्हणाले तसे त्या ३१ मध्ये इतर वारसांचे हिस्से असतील.

आयकराचं एक. राहतं घर विकून आलेला दीर्घ मुदतीचा नफा ठरावीक मुदतीत दुसऱ्या घरात गुंतवला तर कर वाचतो: खरेदीला विक्रीनंतर २ वर्षं, बांधायला ३. पण ज्याच्या नावाचं घर विकलं जातं त्याच्याच नावावर नवीन घर लागतं. घर सासूबाईंचं विकून फ्लॅट तुमच्या दोघांच्या नावावर घेतला तर ही सवलत अडचणीत येते.

फ्लॅटचं ठरलं तर महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्प उघडा, कार्पेट आणि पूर्णत्वाची तारीख स्वतः वाचा. नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला परवानगी नाही.

मोगरा

गोदाकाठ यांच्या पोस्टवर वेगळं मत. आम्ही आईला सिडकोतून इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये नेलं तेव्हा सगळे म्हणाले, म्हातारं माणूस, शेजार तुटला की खचेल. आईच्या खोलीला लागूनच संडास-बाथरूम, कमोडला धरायला दांडा, खाली जायला लिफ्ट. रात्री कुणाला उठवावं लागत नाही, याचाच तिला सगळ्यात मोठा आनंद. जुन्या मैत्रिणी रिक्षाने येतात, आणि खोलीत पलंगावर बसून दार लावून बोलता येतं, जे रो हाऊसमध्ये कधी जमलं नाही.

शेजार मोलाचा आहेच. पण ओट्यावर बसणाऱ्या बाईला घरात शांत कोपरा नसतो म्हणूनही ती ओट्यावर बसते, हे मी आईकडे बघून शिकले. सासूबाई काही बोलत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना सगळ्यांसमोर विचारू नका. एकट्या असताना विचारा, आणि 'कुठे राहायचं' हे विचारण्याऐवजी 'काय त्रास होतो' ते विचारा.

गोदाकाठ

मोगरा, पटलं. मी शेजाराचा विचार लहान मुलाच्या नजरेने केला होता.

अबोली

मंडळी, सगळ्यांना एकत्र उत्तर देते. बरंच घडलंय.

पहिलं पायाचं. मुरूम यांच्या सांगण्यावरून एका इंजिनिअरांना बोलावलं. मागच्या अंगणात, मोरीच्या बाजूच्या कोपऱ्यात खड्डा घेतला. वर हातभर भराव, त्यात विटांचे तुकडे आणि जुनी फरशी. मग काळ्या दगडाचं बांधकाम लागलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर दगडांच्या सांध्यात घातला आणि हलकेच फिरवला, तर आतलं मिश्रण वाळूसारखं गळून तळहातावर आलं. मोरीचं पाणी इतकी वर्षं तिथेच मुरत होतं. पायाचा तळ मुरमात आहे, म्हणजे जमीन चांगली, पण त्या बाजूचं दगडी काम सैल झालंय. पंख्याच्या हुकाजवळचं प्लास्टर काढलं. सळईला नख लावलं तरी गंजाचा पापुद्रा निघत होता.

डावीकडच्यांच्या वरच्या मजल्याचा बीम आमच्या सामाईक भिंतीत बसवलेला निघाला. म्हणजे आमची भिंत आत्ताच त्यांच्या मजल्याचा भार घेतेय. हे आम्हाला माहीतच नव्हतं, आणि बहुधा त्यांनाही नसावं. इंजिनिअर स्पष्ट म्हणाले, या घरावर मजला नको.

दुसरं कागदाचं. सिडकोत नाव अजून सासऱ्यांचंच आहे. मृत्युपत्र नाही. दोन नणंदा, एक ओझरला, एक पुण्याला. रविवारी दोघींना बोलावलं. मला धाकधूक होती. मोठ्या वन्सं म्हणाल्या, तुम्ही सांगाल तिथे सही करते. धाकट्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, हिस्सा नको, पण आईचं नाव कागदावरून निघता कामा नये. 'दादा-वहिनींवर अविश्वास म्हणून नाही. बाबा गेल्यावर आईच्या नावावर काहीच नाही, म्हणून.' त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. मीही एका आईची मुलगी आहे.

तिसरं सासूबाईंचं. मोगरा, तुम्ही म्हणालात तसंच विचारलं. भाजी निवडत होतो, घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हणाल्या, 'मला जिना नको आणि लिफ्टची भीती वाटते. संडास आत घे, माझा पलंग खिडकीला लाव, बाकी तुम्हाला काय करायचं ते करा.' आणि मग, 'पोरीला अभ्यासाला जागा दे आधी.'

म्हणजे मजला चढवता येत नाही, आणि त्यांना फ्लॅट नकोय. आता?

मुरूम

आता तिसरा रस्ता. हे घर उतरवून त्याच जागी नवीन बांधा, तळमजला अधिक एक, कॉलम-बीमवर. जमीन मुरमाची आहे, ही मोठी जमेची बाजू.

जुन्या भिंतींच्या आत नवे कॉलम घालून वर मजला उचलण्याचा पर्यायही ठेकेदार सुचवतील. तुमच्या घरात तो घेऊ नका. लहान खोल्यांमध्ये कॉलम आत येतील, पायासाठी फरशी सगळी फोडावीच लागेल, आणि गंजलेला स्लॅब तसाच राहील. खर्च नव्या बांधकामाच्या जवळ जातो.

नवीन बांधताना तळमजल्यावर सासूबाईंची खोली, तिला लागून संडास-बाथरूम, स्वयंपाकघर आणि बैठक. वर दोन खोल्या आणि एक बाथरूम. जिना आतून. वरच्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या करा, विटेच्या मानाने वजन एक तृतीयांशाच्या आसपास. बाथरूमचं दार निदान अडीच फुटी ठेवा आणि उंबरठा ठेवू नका, उद्या वॉकर घेऊन जायची वेळ आली तर.

सगळ्यात नाजूक जागा डावीकडची सामाईक भिंत. तिच्यावर शेजाऱ्यांचा बीम आहे, त्यामुळे ती पाडता येणार नाही. ती तशीच ठेवून तिच्या आतल्या बाजूने तुमचे स्वतंत्र कॉलम घ्यायचे. पाया खोदताना एकदम सगळी बाजू उघडी करायची नाही, तुकड्या-तुकड्याने खोदायचं, नाहीतर त्यांची भिंत खचेल. काम सुरू होण्याआधी शेजाऱ्यांच्या घरातल्या आत्ताच्या भेगांचे तारखेसह फोटो दोघांनी मिळून काढा. नंतर वाद होत नाहीत.

हिशेबवही

८०० चौरस फूट धरले आणि चांगल्या कामाला २,२०० चा दर, तर १७ लाख ६० हजार. पाडकाम, आर्किटेक्ट, अधिमूल्य, सिडको-महापालिकेची शुल्कं, दहा-बारा महिन्यांचं भाडं धरून २२-२३ लाखांची तयारी ठेवा. फ्लॅटमध्ये तुमच्या खिशातून जाणारा निव्वळ आकडाही २० च्या आसपासच येत होता, तोही वारसांचे हिस्से न धरता. पैशाच्या बाजूने दोन्ही जवळजवळ सारखे आहेत, तेव्हा पैशाचा ताण बाजूला ठेवून सोय बघा.

१८ लाख कर्ज, साडेआठ टक्के, १५ वर्षं, हप्ता १७,७०० च्या आसपास. बँक रक्कम टप्प्याटप्प्याने देते: जोतं, स्लॅब, भिंती, फिनिशिंग. ठेकेदाराचे टप्पे करारात तसेच लिहा, म्हणजे शेवंताताईंसारखी वेळ येणार नाही. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय. कोटेशन त्याआधीचं असेल तर नवीन मागा.

वहिवाट

नणंदांनी हक्कसोडपत्र आईच्या नावे करावं. चार वारस आहेत, प्रत्येकाचा पाव हिस्सा. दोघींनी आईला सोडला की आईचा पाऊण आणि तुमच्या यजमानांचा पाव. दस्त नोंदणीकृतच करा, साध्या कागदावरच्या सह्यांना अर्थ नाही. सिडकोत आधी वारस नोंद, मग हा दस्त कसा चढवायचा ते तिथेच विचारून क्रम ठरवा. बँक मायलेक दोघांनाही कर्जात घेईल. आणि सासूबाईंनी मृत्युपत्र करावं, त्यांच्या मर्जीने, तुम्ही कुणी खोलीत नसताना.

शेवंता

वहिवाट, अबोलीचं नाव कुठे आलं यात? हप्ता तिच्याही पगारातून जाणार असेल.

वहिवाट

रास्त प्रश्न. यजमान आपल्या पाव हिश्श्यातला वाटा बक्षीसपत्राने पत्नीला देऊ शकतात. महाराष्ट्रात राहत्या घराच्या अशा बक्षीसपत्राला पती-पत्नींमध्ये मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. सिडकोची ना हरकत याला पण लागेल. कर्ज घेण्याआधी करा, घर बँकेकडे तारण गेल्यावर बँकेची परवानगीही घ्यावी लागते.

अबोली

शेवंता, हा प्रश्न मी स्वतः घरात विचारला नसता. काल रात्री नवऱ्याला तुमची पोस्ट तशीच वाचायला दिली. त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, माझ्या पाव हिश्श्यातला अर्धा तुझ्या नावावर करू. सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, 'माझ्या वेळी कुणी विचारलं नव्हतं.'

तर ठरलंय. फ्लॅट नाही. घर उतरवून नवीन बांधायचं. मार्चमध्ये मुलीची परीक्षा संपली की सामान हलवणार. याच गल्लीत पाच घरं सोडून एक तळमजला भाड्याने मिळतोय, संडास आत आहे. सासूबाई कालच बघून आल्या. वारस नोंदीचा अर्ज सोमवारी देतोय. डावीकडच्या काकांना खड्डा आणि बीम दोन्ही दाखवलं. ते घाबरले होते, पण इंजिनिअरांशी बोलल्यावर म्हणाले, आपण दोघांनी मिळून त्यांनाच नेमू, निम्मी फी माझी.

मला फ्लॅट हवा होता, हे खरं. मला हवी होती ती मुलीसाठी दार लावता येईल अशी खोली आणि आईंसाठी आतलं बाथरूम, ती दोन्ही नकाशात आली आहेत. आर्किटेक्ट बाईंनी जिन्याखाली माझं शिलाई मशीन बसेल एवढी जागाही काढली आहे.

मुरूम, पाडकाम मार्चअखेर सुरू केलं तर पावसाआधी कुठपर्यंत पोचता येईल?

मुरूम

पाया, जोतं आणि तळमजल्याचा स्लॅब जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, जर परवानगी आणि सिडकोची ना हरकत फेब्रुवारीत हातात असेल तर. तेवढ्यासाठी घाई करून स्लॅबचे टेकू लवकर काढू देऊ नका. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४, आणि बीमखाली १४ ते २१ दिवस टेकू राहायला हवेत. एप्रिल-मेचं ऊन आहे, स्लॅबवर पाण्याची आळी करून ठेवा. पाणी मारण्याचं काम ठेकेदाराच्या माणसावर सोडू नका. तुम्ही त्याच गल्लीत राहणार आहात, सकाळ-संध्याकाळ स्वतः जा.

खड्डे खोदून झाले की काँक्रीट ओतायच्या आधी फोटो इथे टाका. डावीकडच्या कोपऱ्याचा आधी.